ना नफा, ना तोटा

आमच्या विट्यात हिशेब केल्याशिवाय कोणी शिंकतसुद्धा नाही. ही निंदा नव्हे, गावाचा धंदाच तसा आहे. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून सोन्याचा कण काढणारी ही मंडळी! २०२१ साली एक लाखाच्या आतल्या वस्तीच्या शहरांत स्वच्छतेबद्दल विट्याचा देशात पहिला नंबर आला, तेव्हा पुण्यातल्या माझ्या मित्रांना फार आश्चर्य वाटलं. मला अजिबात वाटलं नाही. ज्या गावात केरातसुद्धा सोनं असतं, तिथे तो रस्त्यावर कोण टाकील?

जे गलाईला गेले नाहीत त्यांनी यंत्रमाग घातले. तिथेही मीटरमागे पैशाचा हिशेब. अशा गावात मी बी.कॉम. होऊन बँकेत क्लार्क झालो, म्हणजे मासोळ्यांच्या वस्तीत पोहण्याचा क्लास काढण्यातलाच प्रकार. काउंटरवर स्लिप भरून देणारा अंगठेबहाद्दरसुद्धा माझ्याआधी व्याज सांगतो आणि वर मला धीर देतो, ‘‘मशिनीवर बघा पायजे तर.’’

तेव्हा या गावात एखाद्याने पेट्रोलची मोटार देऊन डिझेलची घेणे ही त्याची खाजगी बाब राहूच शकत नाही. दुसऱ्या गावात नवी गाडी दारात उभी राहिली की लोक ‘अभिनंदन’ म्हणतात. पेढे मागतात. विट्यात पहिला प्रश्न येतो, ‘‘ॲव्हरेज काय देती?’’ पेढ्याचा विषय त्या उत्तरावर ठरतो.

तसं पाहिलं तर डिझेल आमच्या भागाला नवीन नाही. दुष्काळी मुलूख. पाणी विहिरीच्या तळाला आणि वीज कागदावर. त्यामुळे डिझेलची आणि आमची पहिली ओळख मोटारीतून झाली नाही, विहिरीवरच्या इंजिनातून झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आमच्याच जिल्ह्यात माळावर किर्लोस्करवाडी वसवली. पुढे त्याच घराण्याने १९४६ साली पुण्यात डिझेल इंजिनं करणारी कंपनी काढली. ती इंजिनं गावोगावच्या मळ्यांतून धडधडू लागली. मग जीपा आल्या. पेट्रोलची जुनी जीप घ्यायची, तिचं काळीज काढायचं आणि डिझेलचं बसवायचं, ही शस्त्रक्रिया आमच्याकडच्या मिस्त्रींनी चिंचेच्या झाडाखाली केलेली आहे. पुढे अँबॅसडर डिझेलवर निघाली, १९९८ साली टाटांची इंडिका आली, २००७ साली स्विफ्टसुद्धा डिझेलमध्ये मिळू लागली. म्हणजे जे इंजिन विहिरीच्या काठावर बसून पाणी उपसत होतं, ते हळूहळू पायजमा सोडून सफारी घालून मोटारीत येऊन बसलं. आवाज मात्र त्याने बदलला नाही. खानदानी माणूस!

माझी पहिली मोटार पेट्रोलची होती. २००७ साली बँकेच्या स्टाफ लोनवर घेतलेली. स्वभावाने अतिशय शांत. सुरू आहे की बंद, हे कळण्यासाठी बाहेर उतरून धुरकांड्याला हात लावून पाहावं लागे. तिचं कामही शांतच होतं. रविवारी रेवणसिद्धाला रेणावीला जायचं, लग्नसराईत तासगाव-कडेगाव करायचं आणि बाकीचे दिवस दारात उभं राहून आमची इभ्रत सांभाळायची. महिन्याला दोन-अडीचशे किलोमीटर. लिटरला चौदा देई. चौदा हा आकडा मी गावात सोळा सांगत असे. ऐकणारे तो मनात चौदाच धरत. त्यामुळे कोणाचंच नुकसान होत नव्हतं.

मार्च २०१२ मध्ये आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, दोन्ही मूत्रपिंडांनी संप पुकारला. आबा आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर. माग बंद पडला की तो उघडून चालू करणारा माणूस. स्वतःच्या बाबतीत ते डॉक्टरांना म्हणाले, ‘‘पार्ट मिळत न्हाय म्हणा की सरळ.’’ पार्ट मिळण्यासारखा नव्हताच. आठवड्यातून दोनदा डायलिसिस ठरलं, कराडला. जाऊन-येऊन चौऱ्याऐंशी किलोमीटर. जाताना एस.टी. चालली असती. पण यंत्राला चार तास जोडून घेतल्यावर परत येताना माणूस पिळलेल्या धोतरासारखा झालेला असतो. त्याला गर्दीच्या एस.टी.त दांडा धरून उभं करणं शक्य नव्हतं.

तेव्हा आमच्या इभ्रतीच्या मोटारीला प्रथमच नोकरी लागली. आणि दोनच महिन्यांनी, २३ मे २०१२च्या रात्री, पेट्रोलचा भाव एका फटक्यात साडेसात रुपयांनी वाढला. दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे झालं आणि डिझेल तिथेच ४० रुपये ९१ पैशांवर मांडी घालून बसलेलं! आमच्या पंपावर पेट्रोल अठ्ठ्याहत्तरच्या घरात आणि डिझेल पंचेचाळीसच्या. याचं कारण सरकारने जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव मोकळा सोडला होता, डिझेलचा नव्हता. डिझेल हे शेतकऱ्याचं, मालट्रकचं आणि एस.टी.चं. ते महागलं की भाजीपासून तिकिटापर्यंत सगळंच महागतं. म्हणून त्याला सरकार हाताला धरून चालवत होतं. ही पंगत खरी शेतकऱ्यांची. पण पंगत मोठी असली की शेवटच्या ओळीत इस्त्रीच्या कपड्यातले काही पाहुणे येऊन बसतात आणि यजमानाला उठवण्याचा धीर होत नाही. आपणही त्या ओळीत बसावं असं मला वाटू लागलं.

आता हिशेब आला. कॉलेजात कॉस्टिंगच्या सरांनी ‘ब्रेक-ईव्हन पॉइंट’ नावाची वस्तू शिकवली होती. तिला मराठीत ‘ना नफा ना तोटा बिंदू’ म्हणतात. बी.कॉम.च्या तीन वर्षांत शिकलेल्या विद्येपैकी आयुष्यात उपयोगी पडलेली ही एवढीच. मी व्हाउचरच्या पाठकोऱ्या कागदावर मांडणी केली. तीच गाडी, तोच रंग, तीच पाच माणसं. डिझेलच्या गाडीला मागे नावापुढे फक्त एक ‘डी’ जास्त. त्या ‘डी’ची किंमत एक लाख दहा हजार! जास्तीचं व्याज, विमा, ऑइल-फिल्टर धरून तीस हजार आणखी. एकूण १,४०,०००. पेट्रोलची किलोमीटरला ५ रुपये ५७ पैसे, डिझेलची वीसच्या ॲव्हरेजने २ रुपये २५ पैसे. वाचले ३ रुपये ३२ पैसे. एक लाख चाळीस हजाराला तीन बत्तीसने भागा. उत्तर, ४२,१६९ किलोमीटर. एवढं अंतर गाडी पळाली की ‘डी’चे पैसे वसूल. आठवड्याला दोन याप्रमाणे वर्षाला एकशे चार फेऱ्या, शिवाय रेवणसिद्ध आणि लग्नं. वर्षाचे साडेदहा हजार किलोमीटर. म्हणजे बरोबर चार वर्षं.

हा कागद शाखेत फिरला. हेडकॅशियर म्हणाले, ‘‘गणित बरोबर आहे.’’ आमच्या हेडकॅशियरनी एवढं म्हणणं म्हणजे रिझर्व्ह बँकेने म्हटल्यासारखं. मेव्हणे केरळात गलाईचं दुकान चालवतात. ते दसऱ्याच्या पालख्यांची शर्यत बघायला आले होते. त्यांनी कागद उजेडात धरून पाहिला, जणू त्यात किती कॅरेट आहे ते दिसणार होतं. मग म्हणाले, ‘‘दाजी, पळणार असंल तर डिझेल. हुबी राहणार असंल तर दोन्ही सारख्याच. हुबी राहायला काय, बैलगाडीबी चालती.’’ सौ.चं मत मी विचारलं नव्हतं. ते तिने दिलं. ‘‘कराडला जायचंय ना? मग जी बंद पडणार नाही ती घ्या.’’

कागद शेवटी आबांच्या हातात गेला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं.

‘‘ह्यात चार वरसं धरल्यात न्हवं?’’

‘‘हो.’’

‘‘म्हंजे मी चार वरसं धरलोय.’’

मला काय बोलावं ते सुचेना. कॉस्टिंगच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर नाही. आबाच म्हणाले, ‘‘घे, घे. धंद्यात कायतरी धरूनच चालाय लागतंय. आता मला तुझी गाडी फायद्यात येस्तवर मरायची सोय राहिली न्हाय, एवढंच.’’

त्या वर्षी डिझेलच्या गाड्यांना नंबर लागले होते. सगळा महाराष्ट्र त्या शेवटच्या ओळीत बसायला निघाला होता. आमची गाडी नोव्हेंबरात आली. शेजारच्या मागवाल्याने दुरूनच आवाज ऐकून ओळखलं, ‘‘डिझेल घेतली वाटतं?’’

हा आवाज मला सुरुवातीला लागायचा. मिस्त्रींनी समजूत घातली. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण असतं. त्याला प्लगची ठिणगी दाखवली की ते पेटतं. डिझेलला ठिणगीच नाही. नुसती हवा कोंडून इतकी दाबायची, पंधरा-वीस पट, की ती तापून लाल व्हावी, आणि मग त्यात डिझेलची पिचकारी मारायची. ते आपणहून भडकतं. हे ऐकल्यावर मला त्या इंजिनाबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. पेट्रोल हे साहेब लोकांचं तेल. वरून कोणीतरी ठिणगी टाकल्याशिवाय काम करत नाही. डिझेल हे क्लार्कचं. दाबत राहा, दाबत राहा, एक दिवस स्वतःच पेट घेतं आणि सगळी गाडी ओढतं. आवाज करतं, हे खरं. पण दबलेल्या माणसाने आवाजही करू नये काय?

मिस्त्रींनी आणखी दोन नियम घालून दिले. ‘‘सायेब, सकाळच्या पारी किल्ली निम्मी फिरवून थांबायचं. कॉईलचा दिवा इझला की मगच मारायची. आन् लांबून आल्यावर लगीच बंद करायची न्हाय, अर्धा मिनिट हुबी ठेवायची. टर्बोला दम खाऊ द्या.’’ आबांना हा दुसरा नियम फार आवडला. कराडहून आलं की गाडी दारात अर्धा मिनिट धडधडत उभी राही. तेवढ्यात आबाही सीटवर डोळे मिटून बसत. ‘‘दोघांस्नीबी दम लागतोय,’’ म्हणत.

आणि आवाजाचं म्हणाल, तर तो आबांना अंगाईसारखा होता. चाळीस वर्षं मागाच्या खटखटाटात काढलेला माणूस. पेट्रोलच्या गाडीत त्यांना झोप येत नसे. ‘‘हिला ऐकू यील आसं बोलता यीना व्हय?’’ म्हणायचे. डिझेलच्या गाडीत कडेगाव यायच्या आत घोरू लागत.

ज्या गृहस्थाने हे इंजिन काढलं त्या रुडॉल्फ डिझेलची मी माहिती काढली. जर्मन माणूस, जन्म १८५८ सालचा, पॅरिसचा. १८९७ साली त्याचं इंजिन नीट चाललं. १९००च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आज विट्यात तसं चालवायचं म्हटलं तर परवडणार नाही. भुईमुगाचं तेल डिझेलपेक्षा महाग आहे. सप्टेंबर १९१३ मध्ये बोटीने इंग्लंडला जाताना तो रात्रीतून नाहीसा झाला. मागे निघालं ते कर्ज. जगभरच्या गाड्यांचा खर्च वाचवणाऱ्या माणसाचा स्वतःचा ताळेबंद जुळला नाही, हे वाचून माझ्यातल्या क्लार्कला दोन मिनिटं वाईट वाटलं. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘त्येनं वही ठेवली नसंल.’’

आबांनी ठेवली होती. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. तारीख, जाताना किलोमीटर, येताना किलोमीटर, पंपावरचा पेट्रोलचा भाव, डिझेलचा भाव, वाचले किती, आणि शेवटी मोठ्या अक्षरात ‘बाकी’. पंपावर गाडी थांबली की काच खाली करून आबा आधी ओरडत, ‘‘डिझेल! डिझेल!’’ आणि मग पेट्रोलचा भाव विचारत. ज्याला पेट्रोल भरायचं नाही तो त्याचा भाव का विचारतो, हे त्या पोराला शेवटपर्यंत कळलं नाही.

बाकी सुरुवातीला छान उतरत होती. पण जानेवारी २०१३ पासून सरकारने डिझेल महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी वर सरकवायला सुरुवात केली. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये पेट्रोलसारखाच डिझेलचाही भाव मोकळा सोडला. जगात तेल स्वस्त झालं तसं पेट्रोलही खाली आलं. दोन भावांमधलं अंतर आटलं. किलोमीटरला तीन बत्तीस वाचत होते तिथे दोन-सव्वादोन वाचू लागले. बिंदू पुढे सरकला. आकडा बेचाळीस हजारांचा साठाच्या पुढे गेला, चार वर्षांची सहा झाली.

आबांनी नवा आकडा वहीत लिहिला आणि पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, ‘‘डागदर म्हणतोय बघू, सरकार म्हणतंय थांब. आता कुणाचं ऐकायचं?’’ मग स्वतःच निकाल दिला. ‘‘सरकारचं ऐकू. आजवर कधी ऐकलं न्हाय.’’

माझ्या पहिल्या हिशेबाप्रमाणे गाडी नोव्हेंबर २०१६ मध्ये फिटायची होती. त्या महिन्यात काय झालं ते बँकेतल्या माणसाला सांगायला नको. आठ तारखेला नोटाबंदी झाली. रांग काउंटरपासून रस्त्यापर्यंत. रात्री दहा-दहाला घरी. रजा हा शब्द तोंडातून काढायची सोय नाही. पण मूत्रपिंडाला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक लागू नसतं. सोमवार आला की कराड. त्या पन्नास दिवसांत गाडी सौ.ने चालवली. लायसन्स तिने दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवलं होतं, आणि ते आजवर फक्त रेणावीच्या रस्त्यावर वापरलं होतं. पहिल्या दिवशी मी काउंटरवरून नोटा मोजताना तीनदा घड्याळ पाहिलं. रात्री आबांना विचारलं, ‘‘कशी चालवली?’’ तर म्हणाले, ‘‘तुझ्यापरीस बरी. ॲव्हरेज साडेएकवीस पडलं.’’ वहीत त्या पानावर लाल पेन्सिलीने चांदणी आहे.

ऑगस्ट २०१८. कराडहून येत होतो. मी गाडी चालवत होतो, आबा शेजारी. एकसष्ट हजार तीनशेच्या पुढे आकडा गेला होता. आबांनी वहीत शेवटची वजाबाकी केली, दोनदा तपासली आणि वही मिटली.

‘‘फिटली.’’

मी गाडी बाजूला घेतली. कडेपूरच्या पुढे एका टपरीवर चहा घेतला. आबांना पाणी मोजून प्यायचं असे, म्हणून त्यांच्या वाटणीचा दोन घोट. त्या दोन घोटांवर ते म्हणाले, ‘‘आता हितनं म्होरं सगळा फायदा. गाडीचाबी आन् माझाबी.’’

हा फायदा पंधरा महिने चालला. किलोमीटरला दोन रुपये चाळीस पैसे तो गाडीचा. दुसरा कोणत्या खात्यावर लिहायचा हे मला बँकेत इतकी वर्षं काढूनही माहीत नाही. त्या पंधरा महिन्यांत आबांनी वही उघडली नाही. पंपावर भाव विचारला नाही. खिडकीतून टेंभूच्या पाण्यावर आलेला ऊस बघायचे आणि ‘‘हितं कुसळं हुती रं,’’ म्हणायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका पहाटे ते गेले. कराडला जायचा वार नव्हता. फेरी वाया जाऊ दिली नाही.

पुढच्याच वर्षी १ एप्रिलपासून प्रदूषणाचे बीएस-सहाचे नियम आले. धुराची काजळी रोखायला लागणाऱ्या यंत्रसामग्रीने डिझेलच्या लहान गाड्या आणखी महाग होणार, म्हणून देशात सर्वांत जास्त मोटारी विकणाऱ्या मारुतीने डिझेलच्या गाड्या करणंच बंद केलं. काजळीबद्दल तक्रार नाही. ती छातीत जाते हे खरंच आहे. पण २४ जून २०२० रोजी दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं, ही बातमी वाचताना माझा हात आपोआप त्या लाल वहीकडे गेला. तिथे वजाबाकी उलटी कशी मांडायची, हे फक्त आबांना सुचलं असतं.

गाडी अजून आहे. महिन्याला दोनशे किलोमीटर. शाखेतले सगळे सांगतात, एवढ्या पळण्याला डिझेल ठेवणं हिशेबात बसत नाही. बरोबर आहे, विट्याच्या हिशेबात तर मुळीच नाही. २०२७ साली तिची पंधरा वर्षं भरतील. नोंदणी पुन्हा करायची की भंगारात द्यायची, ते तेव्हा बघू. परवा कॉलेजातून आलेल्या चिरंजीवांनी मोबाइलवर तक्ता मांडून माझ्यासमोर धरला. इलेक्ट्रिकची किंमत, पेट्रोलची किंमत, विजेचं युनिट, बॅटरी, सगळं काटेकोर. नातू आबांचाच. ‘‘पप्पा, बघा, नव्वद हजार किलोमीटरला ब्रेक-ईव्हन. फायद्याचंच आहे.’’

गणितात खोट नव्हती. मी चष्मा लावून तक्ता दोनदा वाचला आणि त्याला एवढंच विचारलं, ‘‘नेहमी कुणाला कुठं न्यायचंय?’’